गायीच्या पोटातले तेल

अळशीच्या तेलात निम्म्याहून अधिक वाटा अल्फा-लिनोलेनिक आम्लाचा असतो. हे मेदाम्ल उणे ११ अंश सेल्सिअसच्या आसपास गोठते, म्हणजे माळव्यातल्या कडाक्याच्या थंडीतही ते पातळच राहते. तीच अळशी गायीच्या पोटात गेली, की काही तासांत यातल्या बहुतेक आम्लाचे स्टिअरिक आम्ल होते. ते जवळजवळ ७० अंशांपर्यंत तापवल्याशिवाय वितळत नाही. मेणबत्त्यांत घालतात ते हेच. दोन्ही आम्लांत कार्बनचे अणू अठराच. फरक फक्त सहा हायड्रोजन अणूंचा. तेलाचे वनस्पती तूप करायला कारखान्यात निकेलचा उत्प्रेरक आणि शंभर अंशांच्या खूप वरचे तापमान लागते. गायीच्या पोटातले सूक्ष्मजीव हे काम ३९ अंशांना, पाण्यात आणि हवेवाचून उरकतात.

पोटातल्या या कारखान्यातून जे थोडे तेल न बदलता निसटते, त्याचे महत्त्व त्याच्या वजनापेक्षा कितीतरी मोठे असते. गायीच्या अंगात जंतू शिरल्यावर दाह किती जोरात भडकेल आणि किती लवकर शमेल, यात त्या निसटलेल्या मेदाम्लांचा हात असतो. ही गोष्ट समजून घ्यायला माळव्यातले धार आणि देवास हे जिल्हे सोयीचे आहेत, कारण इथल्या गव्हाणीत वर्षभरात तेलांचे जवळजवळ सगळे प्रकार येऊन जातात.

माळव्याची गव्हाण

पवारांच्या या दोन्ही संस्थानी राजधान्या मराठी वाचकाला अनोळखी नाहीत. आजूबाजूची जमीन काळी, ओल धरून ठेवणारी. इथली मूळ गाय माळवी: पांढरी-करडी, बैलाच्या मानेवर आणि वशिंडाजवळ गडद झाक, अंगाने आटोपशीर, पायाने दणकट. तिची कीर्ती बैलांमुळे. दूध बेताचे, एका वेतात साधारण ९०० लिटरच्या आसपास. धारच्या दक्षिणेला, नर्मदेच्या खोऱ्यात उतरले की तांबड्या-पांढऱ्या निमाडी गुरांचा मुलूख लागतो. ट्रॅक्टर आल्यावर बैलाची गरज घटली आणि गोठ्यांत म्हशी व होल्स्टिन-जर्सीच्या संकरित गायी वाढल्या.

पिकेही बदलली. पूर्वी काळ्या जमिनीचा मोठा भाग पावसाळ्यात पडीक ठेवत आणि साचलेल्या ओलीवर रब्बीत गहू, हरभरा, अळशी घेत. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातून युरोपला जाणाऱ्या तेलबियांत अळशीचे स्थान मोठे होते. तिच्या तेलाचे रंग आणि वॉर्निश होत. १९७० नंतर पावसाळ्यातल्या पडीक रानात सोयाबीन आले आणि दोन दशकांत माळवा त्याने व्यापला. इंदूरला १९८७ मध्ये सोयाबीनचे राष्ट्रीय संशोधन केंद्र उभे राहिले, देवासला तेलाचे कारखाने आले.

सोयाबीनने वेढलेल्या या मुलखातली गाय सोयाबीनचे तेल मात्र फारसे खात नाही. कारखान्यात द्रावकाने तेल काढून घेतल्यावर उरते ती डीओसी, म्हणजे तेलविरहित पेंड. तिच्यात तेल जेमतेम एक टक्का. तेल माणसांच्या कढईत जाते, प्रथिने जनावरांच्या आंबोणात. गायीला तेल मिळते ते कपास्या खलीतून, म्हणजे आपल्या सरकी पेंडीतून. दाबून तेल काढलेल्या या पेंडीत सहा-सात टक्के तेल राहून जाते. इंदूरच्या बाजारभावांत कपास्या खलीच्या ओळीत इंदूर, देवास, उज्जैन, खंडवा, बुरहाणपूर आणि अकोला ही नावे एकापाठोपाठ येतात. पेंडीच्या व्यापाराला राज्याची सीमा नाही.

या तेलांचा स्वभाव वेगवेगळा आहे. सरकीच्या तेलात निम्म्याच्या वर लिनोलिक आम्ल असते. हे ओमेगा-६ घराण्याचे. अल्फा-लिनोलेनिक हे ओमेगा-३ घराण्याचे आम्ल त्यात नसल्यातच जमा. सोयाबीन तेलात लिनोलिक निम्म्याच्या वर आणि लिनोलेनिक सुमारे सात टक्के. करडईच्या तेलात लिनोलिक पाऊणाच्या घरात. अळशी एकटी उलट्या टोकाला. ओमेगा-३ की ओमेगा-६, हे कार्बनच्या साखळीच्या शेपटाकडून मोजत गेल्यावर पहिला दुहेरी बंध कितव्या कार्बनवर लागतो त्यावरून ठरते. गाय यांपैकी कोणतेही घराणे स्वतः घडवू शकत नाही आणि एकाचे दुसऱ्यात रूपांतरही करू शकत नाही. दोन्ही तिला खाऊनच मिळवावी लागतात.

गवतातले तेल

ओमेगा-३ चा गायीसाठी सर्वांत मोठा साठा बियांत नसून हिरव्या पानात असतो. पानातल्या हरितद्रव्याच्या कणांची पातळ पटले मुख्यतः अल्फा-लिनोलेनिक आम्लाने बांधलेली असतात. साधा हिशेब मांडू. गायीने दिवसाला ३० किलो हिरवा चारा खाल्ला आणि त्यात २० टक्के शुष्क भाग धरला, तर सहा किलो शुष्क चारा झाला. त्यात दोन टक्के मेदाम्ले, म्हणजे १२० ग्रॅम. त्यातली निम्मी लिनोलेनिक, म्हणजे ६० ग्रॅम. एवढे लिनोलेनिक बियांतून द्यायचे तर सुमारे ३०० ग्रॅम अळशी लागेल.

चारा कापून उन्हात वाळवला, की पानातली ही आम्ले हवेशी संयोग पावून घटू लागतात. अळशीच्या तेलाचा रंग भिंतीवर वाळून घट्ट होतो तोही याच गुणामुळे. गव्हाच्या भुशात तर ती मुळातच नगण्य. म्हणून माळव्यातल्या गायीचे ओमेगा-३ ऋतूप्रमाणे येते आणि जाते. पावसाळ्यात बांधावरचे गवत, हिवाळ्यात ओलित असेल तिथे बरसीम. चैत्र-वैशाखात भुसा आणि खली, म्हणजे जवळजवळ निखळ ओमेगा-६.

कोटीपोटातली करामत

चारा प्रथम पडतो तो कोटीपोटात, म्हणजे गायीच्या चार पोटांपैकी पहिल्यात. मोठ्या गायीचे कोटीपोट शंभर लिटरहून मोठे असते आणि त्यातल्या द्रवाच्या प्रत्येक मिलिलिटरमध्ये अब्जावधी जिवाणू असतात. काही जिवाणू तेलाच्या रेणूपासून मेदाम्ले सुटी करतात. मग ब्युटिरिव्हिब्रिओ जातीचे जिवाणू आणि त्यांचे सोबती त्या सुट्या आम्लांचे दुहेरी बंध एकेक करून हायड्रोजनने भरून टाकतात. मेंढीच्या कोटीपोटातल्या द्रवात अळशीचे तेल असे संपृक्त होते, हे अमेरिकेतील रेमंड रायझर यांनी १९५१ मध्ये दाखवले. ही मेहनत जिवाणू गायीसाठी घेत नाहीत. दुहेरी बंधांची आम्ले त्यांच्या स्वतःच्या पटलांना, विशेषतः चोथा पचवणाऱ्या जिवाणूंना, विषासारखी असतात. ते विष उतरवतात.

लिनोलिक आम्लाचा ७० ते ९५ टक्के आणि लिनोलेनिकचा ८५ टक्क्यांपासून जवळजवळ सगळा भाग असा बदलून जातो. वाटेत काही अर्धवट रूपे तयार होतात. त्यातले रुमेनिक आम्ल दूध-तुपात उतरते, आणि हिरव्या चाऱ्यावरच्या गायीच्या तुपात ते अधिक असते. मात्र आंबोणात पीठ आणि भरडा जास्त झाला, कोटीपोट आंबट झाले, की जिवाणूंची वाट बदलते आणि वेगळ्याच बांधणीचे एक आम्ल बनू लागते. ते दिवसाला काही ग्रॅम कासेपर्यंत पोचले तरी दुधाची फॅट घसरते. कॉर्नेल विद्यापीठात डेल बाउमन यांच्या गटाने २००० च्या सुमारास हा दुवा पक्का केला. डेअरीवर फॅट का लागत नाही, याचे उत्तर कधीकधी या एका आम्लात असते.

हिशेबातल्या ६० ग्रॅम लिनोलेनिकपैकी आतड्यापर्यंत पोचतात ते पाच-सात ग्रॅम. गाय ते जपून वापरते. रक्तात ही आम्ले अशा रेणूंत बांधून ठेवलेली असतात, की कासेला ती सहजी उचलता येत नाहीत. म्हणून साध्या दुधाच्या फॅटमध्ये लिनोलेनिक एका टक्क्याहूनही कमी सापडते. हा ऐवज पेशींच्या पटलांसाठी राखलेला असतो.

दाहाची सुरुवात आणि शेवट

पांढऱ्या पेशींच्या पटलात ही आम्ले, आणि त्यांच्यापासून शरीराने लांबवलेली आम्ले, रचलेली असतात. लिनोलिकपासून २० कार्बनचे अ‍ॅराकिडोनिक आम्ल बनते, लिनोलेनिकपासून थोड्या प्रमाणात ईपीए नावाचे आम्ल. जंतूची चाहूल लागली, की पेशी पटलातून हे आम्ल सोडवते आणि विकरे त्याचे संदेशवाहक करतात. अ‍ॅराकिडोनिकपासून प्रोस्टाग्लँडिन आणि ल्युकोट्रिन तयार होतात. रक्तवाहिन्या रुंदावतात, कास लाल आणि गरम होते, ताप चढतो, आणखी पांढऱ्या पेशी धावून येतात. ईपीए हीच विकरे वापरते, पण त्याच्यापासून होणारे संदेशवाहक बहुतेक ठिकाणी सौम्य असतात. प्रोस्टाग्लँडिनांवरच्या कामासाठी बर्गस्ट्रोम, सॅम्युएलसन आणि व्हेन यांना १९८२ चे नोबेल मिळाले. अ‍ॅस्पिरिन प्रोस्टाग्लँडिन बनवणारे विकर अडवते, हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवले होते.

दाह ओसरणे म्हणजे केवळ थकून थांबणे, असे पुष्कळ काळ मानले जाई. हार्वर्डमधील चार्ल्स सेरहान यांच्या गटाने या शतकाच्या सुरुवातीला दाखवले, की शरीर दाह मुद्दाम मिटवते. त्यासाठी लागणारे रिझॉल्व्हिनसारखे रेणू ओमेगा-३ घराण्यातल्या ईपीए आणि डीएचए या आम्लांपासून बनतात. पांढऱ्या पेशींचे येणे थांबवणे आणि पडलेला कचरा उचलायला लावणे हे त्यांचे काम. म्हणजे एका घराण्याचा भर दाह चेतवण्याकडे आणि दुसऱ्याचा तो आटोपण्याकडे. गायीला दोन्ही हवीत: दाह उठलाच नाही तर जंतू माजतात, आणि मिटला नाही तर दूध तयार करणाऱ्या पेशी मरून सड कायमचा आटतो.

दाह औषधाने दाबण्याची एक मोठी किंमत आपल्या देशाने मोजली आहे. पूर्वी गुरांना सर्रास टोचले जाणारे डायक्लोफेनॅक अ‍ॅस्पिरिनप्रमाणेच प्रोस्टाग्लँडिन बनवणाऱ्या विकराला अडवते. औषध दिलेले जनावर मेले आणि गिधाडांनी ते खाल्ले, की त्यांची मूत्रपिंडे निकामी होत. भारतातली कोट्यवधी गिधाडे अशी गेली. २००६ मध्ये गुरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आली आणि गिधाडांना न बाधणारे मेलॉक्सिकॅम पुढे आले.

व्याल्यानंतरचे तीन आठवडे

मेदाम्लांचा प्रभाव सर्वांत ठळक दिसतो तो व्यायच्या आधीच्या आणि नंतरच्या तीन-तीन आठवड्यांत. जास्त दुधाच्या गायींत ३० ते ५० टक्के जनावरांना या काळात काही ना काही आजार गाठतो: वार अडकणे, गर्भाशयाचा दाह, स्तनदाह, किटनबाधा. कारण असे, की दूध एकदम वाढते आणि भूक मात्र हळूहळू परतते. तूट भरायला गाय स्वतःच्या अंगावरची चरबी वितळवते आणि रक्तात पामिटिक व स्टिअरिक या संपृक्त आम्लांचा लोंढा येतो. ती पांढऱ्या पेशींची जंतू गिळण्याची ताकद मंदावतात, आणि त्याच वेळी बिनकामाचा धुमसता दाह वाढवतात. जंतूंच्या आवरणातल्या विषारी रेणूला ओळखणारी यंत्रणा या आम्लांनीही काही अंशी चाळवते, असे पेशींवरील प्रयोग सुचवतात. मिशिगन स्टेट विद्यापीठात लॉरेन सॉर्डिलो यांनी या प्रश्नावर दीर्घकाळ काम केले. नको तिथे दाह आणि हवा तिथे तोकडा, अशी या गायीची अडचण असते.

यावर आहाराचा उपाय शोधताना फ्लोरिडा विद्यापीठातल्या संशोधकांनी एक सुरेख कल्पना तपासली. व्याल्यानंतर जवळजवळ प्रत्येक गायीच्या गर्भाशयात जंतू शिरतात. ते हुसकायला जोरदार दाह हवा. पुढे दीड-दोन महिन्यांनी गाय भरवायची, तेव्हा मात्र गर्भाशय शांत हवे. कारण गर्भाशयातून सुटणारे एक प्रोस्टाग्लँडिन बीजकोशावरचा पीतपिंड मोडते, आणि तो मोडला की गाय उलटते. मग दोन काळांत दोन तेले का देऊ नयेत? २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दीड हजारांच्या आसपास होल्स्टिन गायी होत्या. काहींना व्यायच्या महिनाभर आधीपासून व्याल्यानंतर सुमारे पाच आठवडे करडईच्या तेलाचे कॅल्शियम क्षार दिले, आणि पुढे भरवण्याच्या काळात माशाच्या तेलाचे. करडईवरच्या गायींच्या पांढऱ्या पेशी जंतूंशी अधिक नेटाने झुंजल्या. माशाच्या तेलावरच्या गायींत गर्भ गळण्याचे प्रमाण घटले. सोलापूर-मराठवाड्याच्या रब्बी रानातले पीक फ्लोरिडातल्या गायीच्या गर्भाशयाला उपयोगी पडले, तेही तेलाचा दोष समजल्या जाणाऱ्या गुणामुळे.

कॅल्शियमचे क्षार हीच बायपास फॅटमागची युक्ती. मेदाम्ल कॅल्शियमशी बांधले, की कोटीपोटाच्या जवळजवळ उदासीन द्रवात ते विरघळत नाही. चौथ्या पोटातल्या तीव्र आम्लात मात्र बंध सुटतो. ओहायोत डोनाल्ड पामक्विस्ट आणि टॉम जेनकिन्स यांनी १९८० च्या दशकात ही पद्धत रूढ केली. आपल्याकडे मिळणारे बायपास फॅट बहुधा पाम तेलाचे असते. त्याने ऊर्जेची तूट भरायला मदत होते. ओमेगा-३ त्यात नसते, म्हणून गोणीवरचे नाव वाचून प्रतिकारशक्तीची अपेक्षा ठेवणे व्यर्थ.

माळवी गायीला या संकटाची झळ कमी लागते. दिवसाला चार-पाच लिटर दूध देणाऱ्या गायीला अंगावरची चरबी फारशी मोडावी लागत नाही. त्याच गोठ्यात शेजारी बांधलेल्या वीस लिटरच्या संकरित गायीचा प्रश्न वेगळा, आणि दोघींचे आंबोण सारखे ठेवणे हीच चूक ठरते.

वासराला तर कोटीपोटाची अडचणच नसते. दूध पिताना त्याच्या अन्ननळीच्या टोकाशी एक घडी मिटून नळी तयार होते आणि दूध थेट चौथ्या पोटात उतरते. चिकातली मेदाम्ले त्याला जशीच्या तशी मिळतात, प्रतिपिंडांबरोबरच. गाभण गायीच्या शेवटच्या महिन्यातल्या चाऱ्याचा वाटा असा दुसऱ्या पिढीपर्यंत जातो.

हॉवर्ड यांचे बैल

चारा आणि प्रतिकारशक्ती यांचा संबंध याच मुलखात काम केलेल्या एका शास्त्रज्ञाने फार पूर्वी मांडला होता. ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड १९२४ मध्ये इंदूरला आले आणि तिथल्या संशोधन संस्थेत त्यांनी कंपोस्टची ‘इंदूर पद्धत’ बसवली. बिहारमधल्या पुसा इथे आपल्या बैलांनी लाळ्या-खुरकुताच्या गुरांशी नाकाला नाक लावले तरी त्यांना रोग झाला नाही, असे त्यांनी १९४० च्या आपल्या पुस्तकात नोंदवले. सुपीक जमिनीतला चारा हे त्यांच्या मते कारण. तो निरीक्षणाचा दाखला होता. तुलनेला दुसरा गट नव्हता आणि रक्ताची तपासणी नव्हती. लाळ्या-खुरकुताला लसीचा पर्याय चारा होऊ शकत नाही, हे आज निश्चित आहे. त्यांनी विचारलेला प्रश्न मात्र योग्य होता, आणि मेदाम्ले हा त्याच्या उत्तराचा एक तुकडा आहे.

गोठ्यात काय करावे

हाती लागलेल्या ज्ञानाचा उपयोग मर्यादा सांभाळून करावा लागतो. एकूण शुष्क आहारात मेद सहा-सात टक्क्यांच्या वर गेला, की चोथा पचवणारे जिवाणू हटतात आणि भूक मंदावते. बारा किलो शुष्क आहार घेणाऱ्या गायीच्या चाऱ्यात तीन टक्के, म्हणजे साडेतीनशे ग्रॅम मेद आधीच असतो. वरून द्यायला जागा उरते ती तेवढीच, आणि ती एका दमात भरू नये. तेल नुसते नळीने पाजण्यापेक्षा भरडलेली बी बरी, कारण तिच्यातून तेल सावकाश सुटते. अळशीत सायनाइड सोडणारे द्रव्य असते, म्हणून ती कोमट पाण्यात भिजवून ठेवू नये. उकळत्या पाण्यात शिजवून किंवा भाजून द्यावी. दाणे सबंध राहिले तर बरेचसे शेणातून तसेच बाहेर पडतात. अळशीने प्रतिकारशक्तीवर होणारा परिणाम वेगवेगळ्या प्रयोगांत कमी-अधिक आढळला आहे, कारण कोटीपोटातून किती निसटते हे प्रत्येक वेळी बदलते. लसीकरण, धार काढण्याची स्वच्छता आणि खनिज मिश्रण यांची जागा ती घेत नाही.

सर्वांत स्वस्त उपाय तारखेचा आहे. वैशाखात व्यालेली गाय भुसा आणि खलीवर असते. त्यातले ओमेगा-६ पहिल्या महिन्यात तिला अडत नाही; गर्भाशय साफ व्हायला त्याची गरजच असते. ती माजावर येऊन भरवायची वेळ येते तेव्हा आषाढ लागलेला असतो आणि बांधावर गवत उगवलेले असते. या गायीला निसर्गच फ्लोरिडाच्या प्रयोगाचा क्रम लावून देतो. पौषात व्यालेल्या गायीचे उलटे होते: भरवण्याच्या वेळी हिरवे संपत आलेले असते. ओलिताखालची दहा-पंधरा गुंठे बरसीम उशिरापर्यंत राखायची किंवा मूठभर शिजवलेली अळशी द्यायची, तर ती या गायीला द्यावी. सगळ्या दावणीला सारखी वाटण्यापेक्षा व्यायच्या तारखांची वही उघडून ठरवलेले आंबोण कमी पैशांत अधिक काम करते.